मदत हवी आहे: अडखळणाऱ्या रेसिडेंटशी कसं बोलावं, हे शिक्षकांना शिकवायचंय

नमस्कार. पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवतो. नव्या असिस्टंट प्रोफेसरांसाठी या विषयावर दोन तासांचं सत्र घेणं माझ्या गळ्यात पडलंय. खरं तर आधी मलाच शिकवायला हवं.

गेल्या पावसाळ्यात वॉर्ड डेंगीने फुल्ल, खालीही गाद्या टाकलेल्या. राउंडला एका फर्स्ट इयर रेसिडेंटला, म्हणजे एमडीच्या पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला, पेशंटच्या प्लेटलेट विचारल्या, त्याने शेजारच्या कॉटच्या सांगितल्या. मी नातेवाइकांदेखत सुनावलं, "झोपा काढता का?" तो "सॉरी सर" म्हणून गप्प. मग त्याच्या हातातला कागद दिसला. चाळीसेक पेशंट बारीक अक्षरात, आणि शेवटच्या पाच-सहा ओळी रेघ सोडून घसरत गेलेल्या. सलग दुसरी रात्र होती त्याची. झोप काढली असती तर बरं झालं असतं.

एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) टास्क फोर्सने रेसिडेंटसाठी २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली, पण ड्यूटी लिस्ट काही माझ्या हातात नाही. बोलणं आहे. शिक्षकांच्या बेसिक कोर्सला आम्ही मायक्रोटीचिंग (छोटा पाठ घेण्याचा सराव), ओएससीई (स्टेशनवार प्रात्यक्षिक परीक्षा) वगैरे घोटलं. समोरचा पोरगा अभ्यासात कच्चा आहे, आजारी आहे की नुसता दमलाय, हे ओळखणं मात्र ज्याचं त्याने. चूक सांगताना आधी कौतुक करावं म्हणतात. आमची पोरं कौतुक ऐकलं की आधी सावध होतात.

खरी अडचण पुढे आहे. थीसिसवर, लॉगबुकवर सही माझी. मीच दार लोटून "मोकळेपणाने सांग" म्हटलं, तर तो काय सांगणार? बोभाटा न होता सायकिअ‍ॅट्रीकडे कसं पाठवता? रोल-प्ले कोणी घेतलाय का?

प्रतिसाद १: आमच्याकडे मेंटॉर दुसऱ्या विभागाचा, त्याच्या हातात मार्कही नाहीत आणि सहीही नाही. रोल-प्लेत रेसिडेंट एका सीनियर सरांना केलं. दोन मिनिटांत सर स्वतःचा बचाव करायला लागले, सगळे हसले, मग एकदम शांत झाले. आणि सुरुवात "काय प्रॉब्लेम आहे" अशी करू नका. "काल जेवलास कधी?" विचारा. आमच्या एकीला त्यावर रडू फुटलं होतं.

धागाकर्ता: आभार! जेवणाचं उद्याच विचारतो. रोल-प्लेत रेसिडेंट व्हायला एचओडींना (विभागप्रमुखांना) कसं तयार करू, तेवढं सुचवा.