दाट धुक्यातील माउंटन मॅरेथॉन: होकायंत्रावर किती विसंबावे?

सोंडवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी मूळचा पुण्याचा असून सध्या नोकरीनिमित्त मँचेस्टरला राहतो. ऑक्टोबरअखेर होणाऱ्या ओरिजिनल माउंटन मॅरेथॉनमध्ये, म्हणजे १९६८ साली सुरू झालेल्या आणि जुन्या मंडळींच्या तोंडी अजूनही ‘कॅरिमॉर’ याच नावाने असलेल्या शर्यतीत, मी आणि माझा एक मित्र जोडीने उतरणार आहोत. ज्यांना ही शर्यत परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्पर्धा दोन दिवसांची असते, जोडीने एकत्रच राहायचे असते आणि तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, अन्न असे सगळे पाठीवर वाहायचे असते. आमच्या स्कोअर वर्गात आखून दिलेला मार्ग नसतो. नकाशावर विखुरलेल्या कंट्रोलपैकी (म्हणजे निशाण लावलेल्या, गाठायच्या ठिकाणांपैकी) कोणती घ्यायची आणि कोणत्या क्रमाने घ्यायची हे आपण ठरवायचे, प्रत्येक कंट्रोलचे गुण मिळवायचे आणि ठरलेल्या वेळेच्या आत परतायचे, अन्यथा गुण कापले जातात. उपग्रहाच्या मदतीने वाट शोधायला परवानगी नाही.

धुके मला नवे नाही, कारण पावसाळ्यात राजगड-तोरणा करताना पुढच्या माणसाची सॅक तेवढी दिसते अशी परिस्थिती अनेकदा अनुभवली आहे. मात्र तिथे पायाखाली मळलेली वाट असते आणि ती सुटली तरी एखादे मेट किंवा धनगरवाडा गाठता येतो. इथे लेक डिस्ट्रिक्ट या उत्तर इंग्लंडमधल्या डोंगराळ भागाच्या उघड्या उतारांवर ढग खाली आला की गवत, दगड आणि पांढरा पडदा यांखेरीज काहीच उरत नाही. सरावाच्या वेळी आमच्या दोघांत एकच वाद वारंवार होतो. मी बेअरिंग (होकायंत्रावर अंशांत मोजलेली दिशा) घेऊन सरळ जावे या मताचा आहे, तर मित्राचे म्हणणे असे की, अंतर वाढले तरी भिंत, ओढा किंवा डोंगरधार धरूनच जावे. स्पर्धेत वेळ मोजला जात असताना यांपैकी कोणती पद्धत योग्य ठरते, आणि धुक्यात वेग नेमका किती कमी करावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उंचसखल

तुमच्या वादात दोघेही अर्धे बरोबर आहात, कारण कोणती पद्धत वापरायची हे स्वभावावर नव्हे, तर अंतरावर ठरते. होकायंत्र हातात धरून खडबडीत उतारावरून पळणाऱ्या माणसाची दिशा पाच अंशांनी ढळणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. पाच अंशांची ही चूक २०० मीटरवर सुमारे १७ मीटर, ५०० मीटरवर सुमारे ४४ मीटर आणि एका किलोमीटरवर जवळजवळ ९० मीटर होते. तीस मीटरपर्यंतचे दिसत असेल, तर पहिली चूक सहज खपते, दुसरीत नशिबाची साथ लागते आणि तिसरीत तुम्ही कंट्रोलच्या बाजूने निघून जाता आणि तसे झाल्याचे तुम्हाला कळतही नाही. शिवाय कंट्रोलचा निशाण ३० सेंटिमीटर बाजूचाच असतो आणि बहुधा एखाद्या घळीत किंवा मोठ्या दगडाच्या पलीकडच्या अंगाला टांगलेला असतो, त्यामुळे डोळ्यांना दिसणारे तीस मीटर प्रत्यक्षात दहाच उरतात.

म्हणून धुक्यात बेअरिंग वापरायचे ते शेवटच्या दोन-तीनशे मीटरसाठी, आणि तेही अशा जागेपासून जिच्याबद्दल मनात तिळमात्र शंका नाही. भिंतीचा कोपरा, दोन ओढ्यांचा संगम, लहान तळ्याचे टोक किंवा खिंडीचा सर्वांत खालचा बिंदू अशा जागेला स्पर्धक ‘अटॅक पॉइंट’ म्हणतात. तिथपर्यंत तुमच्या मित्राच्या पद्धतीने, म्हणजे ओढा किंवा धार धरून, जवळजवळ नेहमीच्या वेगाने पळावे, तिथे पोहोचल्यावर क्षणभर पूर्ण थांबावे आणि पुढचा तुकडा पावले मोजत, मुद्दाम सावकाश पार करावा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे: वेग सरसकट कमी करायचा नसतो, तो शेवटच्या तुकड्यात कमी करायचा असतो. बहुतेक जोड्या नेमके उलट करतात. वाटेत भीतभीत चालतात आणि कंट्रोल जवळ आल्याच्या आनंदात शेवटी धावत सुटतात.

कंट्रोल ओढ्याच्या काठावर असेल तर बेअरिंग थेट त्यावर न घेता मुद्दाम दहा अंश एका बाजूला धरावे, म्हणजे ओढा लागल्यावर डावीकडे वळायचे की उजवीकडे याचा संभ्रम राहत नाही. कंट्रोलच्या पलीकडे काय आहे हेही आधीच पाहून ठेवावे. भिंत लागली किंवा जमीन एकदम खाली उतरू लागली, तर आपण पुढे आलो आहोत असे समजून परत फिरायचे, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे.

स्कोअर वर्गाचा खरा फायदा असा की, नको ते कंट्रोल सोडता येते. सपाट पठारावरच्या एकाकी उंचवट्याला कितीही गुण असले तरी दाट धुक्यात मी तो यादीतून काढतो आणि त्याऐवजी ओढ्यांच्या संगमावरची कमी गुणांची दोन कंट्रोल घेतो. या स्पर्धेत सहसा १:४०,००० प्रमाणाचा, हार्वे या प्रकाशकाचा नकाशा मिळतो, त्यावर एक मिलिमीटर म्हणजे ४० मीटर, आणि समोच्च रेषा १५ मीटरच्या अंतराने असतात. दहा-बारा मीटर उंचीचे टेकाड त्या नकाशावर अजिबात उमटलेले नसण्याची शक्यता असते. आपल्याकडच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशांवर २० मीटरच्या रेषा असल्यामुळे तुम्हाला हे ओळखीचे वाटेल.

कातळमाथा

वरील प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे, पण बेअरिंग फक्त शेवटच्या दोन-तीनशे मीटरसाठी, हे विधान थोडे अतिरेकी वाटले. काही डोंगरमाथे असे असतात की तिथे धरण्यासारखी रेषाच नसते. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिसचा १३४५ मीटर उंचीचा माथा हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. धुक्यात तिथून उतरताना ट्रिग पॉइंटपासून (माथ्यावरच्या सर्वेक्षणाच्या खांबापासून) २३१ अंशांवर १५० मीटर आणि त्यानंतर २८२ अंशांवर, असे ग्रिड उत्तरेवरून (नकाशावरच्या उभ्या रेषांच्या उत्तरेवरून) मोजलेले दोन बेअरिंग पाळावे लागतात. पहिला तुकडा गार्डीलू गली या खोल घळीच्या तोंडापासून दूर नेतो. दुसऱ्यात उजवीकडे भरकटलात तर उत्तरेचे कडे आणि डावीकडे भरकटलात तर फाइव्ह फिंगर गली ही दुसरी घळ. अशा ठिकाणी लांब बेअरिंगला पर्याय नसतो, म्हणून ते शिस्तीने पाळता येणे हे वेगळे कौशल्य म्हणून शिकावेच लागते.

मात्र माझा मुख्य मुद्दा दुसराच आहे. धुक्यात सगळेजण पुढे काय दिसते ते शोधत राहतात, आणि पायाखालचा उतार, जो शंभर टक्के उपलब्ध असतो, त्याकडे दुर्लक्ष करतात. आपण कोणत्या उतारावर आहोत याची शंका आली, तर सरळ खालच्या दिशेला, म्हणजे जिकडे पाणी वाहून जाईल तिकडे, तोंड करून उभे राहावे आणि ती दिशा होकायंत्रावर वाचावी. नकाशावर ही दिशा समोच्च रेषांना काटकोनात असते, त्यामुळे उतार आग्नेयेकडे असेल तर वायव्येच्या बाजूच्या सगळ्या जागा एका फटक्यात बाद होतात. सोंडेवरून उतरताना ही दिशा हळूहळू बदलत असेल, तर तुम्ही सोंडेच्या धारेवरून तिच्या एका अंगाला घसरत आहात. याला अर्धे मिनिट लागते, आणि माझ्या मते धुक्यात इतक्या स्वस्तात एवढी माहिती देणारी दुसरी युक्ती नाही.

होकायंत्राविषयी दोन सूचना. चुंबकीय उत्तर आणि ग्रिड उत्तर यांतला फरक सध्या इंग्लंडमध्ये नगण्य आहे, तेव्हा त्याची चिंता नको. पण पुण्यात घेतलेले होकायंत्र वापरणार असाल तर ते आधी तपासा. चुंबकसूचीचा जमिनीकडे झुकण्याचा कोन पुण्यात तीस अंशांच्या आत असतो, तर उत्तर इंग्लंडमध्ये तो सत्तरच्या आसपास जातो. दुसऱ्या चुंबकीय पट्ट्यासाठी तोललेली सूची डबीच्या तळाला घासू शकते आणि पळताना अडकून चुकीची दिशा दाखवू शकते. दुसरे असे की, काही खडक सूचीला फसवतात. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या कुलिन डोंगररांगेत हे इतके प्रसिद्ध आहे की तिथे होकायंत्रावर कुणी एकट्याने विश्वास ठेवत नाही. आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्येही मॅग्नेटाइट असतेच, त्यामुळे कातळावर होकायंत्र टेकवून वाचन घेण्याची सवय मुळातच चुकीची आहे.

सोंडवाट

दोघांचेही मनःपूर्वक आभार. उताराची दिशा वाचण्याची पद्धत मला पुस्तकी वाटत असे, पण आता तिचा उपयोग लक्षात आला. आणखी एक विचारतो: जोडीत कामाची वाटणी कशी करावी? आम्ही दोघेही नकाशा हातात घेऊन पळतो आणि दर पाच मिनिटांनी थांबून चर्चा करतो, त्यात बराच वेळ जातो. तसेच उंचीमापक घड्याळ धुक्यात खरोखर कामाचे असते का?

मेटकरीण

नियम दरवर्षी तपासून घ्यावे लागतात, त्यामुळे कोणते घड्याळ चालेल ते त्या वर्षीच्या सूचनांमध्येच पाहा. परवानगी असेल तर हवेच्या दाबावर चालणारे उंचीमापक धुक्यात अतिशय उपयुक्त असते, कारण ‘या ओढ्याने ६०० मीटरपर्यंत चढायचे आणि मग आडवे जायचे’ असा निर्णय त्याच्या आधारे घेता येतो. पण दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की ते आठ-नऊ मीटर जास्त उंची दाखवते, आणि धुके घेऊन येणाऱ्या खराब हवेत दाब सतत बदलत असतो. म्हणून उंची माहीत असलेल्या प्रत्येक खिंडीत किंवा तळ्याकाठी ते पुन्हा जुळवून घ्यावे.

जोडीच्या कामाबद्दल माझे मत ठाम आहे. एका वेळी एकानेच नकाशा वाचावा आणि दुसऱ्याने पावले आणि वेळ मोजावी. पायाखालची जमीन नकाशाशी विसंगत वाटली तर दुसऱ्याने तोंड उघडावे, एरवी गप्प राहावे. पावलांचे प्रमाण प्रत्येकाचे वेगळे असते. सपाटीवर चालताना डावे पाऊल साधारण साठ-पासष्ट वेळा पडले की शंभर मीटर होतात, पण चढावर, दलदलीत आणि पळताना हा आकडा पार बदलतो, तेव्हा तो आधीच मोजून ठेवा. वेळेचा अंदाज बांधायला १८९२ सालचा नेस्मिथचा नियम अजूनही पुरतो: ताशी पाच किलोमीटर आणि चढाच्या दर शंभर मीटरला दहा मिनिटे जादा. तो चालणाऱ्यांसाठी आहे, तुमचा पळण्याचा वेग पाहून त्यात बदल करा.

लांब बेअरिंग पाळायचेच असेल तर एकाने दृष्टीच्या टप्प्यापर्यंत पुढे जावे, मागच्याने होकायंत्र पाहून त्याला डावी-उजवीकडे सरकवावे आणि मग स्वतः त्याच्यापर्यंत जावे. हे कंटाळवाणे आहे, पण सूर्य-चंद्र दिसेनासे झाले की माणूस सरळ चालल्याच्या समजुतीत गोल फिरतो, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात जंगलात आणि वाळवंटात माणसे चालवून दाखवून देण्यात आले आहे. आपल्या आजी-आजोबांनी त्याचे खापर चकव्यावर फोडले होते, एवढाच फरक.

लेक डिस्ट्रिक्टमध्ये सराव करणार असाल तर एस्क हॉजचा नकाशा आत्ताच काढून बसा. इंग्लंडच्या सर्वांत उंच डोंगराच्या, स्कॅफेल पाइकच्या, वाटेवरच्या या खिंडीत दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर वाटा एकमेकींना मिळतात आणि दगडी क्रॉसच्या आकाराचा निवारा खऱ्या खिंडीत नसून थोडा खालच्या वाटेवर आहे. धुक्यात तो निवारा म्हणजेच खिंड असे समजून पुढचे बेअरिंग घेतले, तर लँगडेल, बॉरोडेल, एस्कडेल आणि वॉसडेल या चार खोऱ्यांपैकी भलत्याच खोऱ्यात उतरण्याची पाळी येते. पाइकवरून उतरताना पायर्स गिल या खोल घळीत अडकण्याचे प्रकारही असेच घडतात, कारण वरच्या बाजूला तिचा उतार अगदी निरुपद्रवी भासतो.

शेवटी, माघार घेण्याचा निर्णय थंडीने कुडकुडत असताना घेऊ नका, कारण तेव्हा डोके चालत नाही. प्रत्येक टप्प्याआधी ‘इथे हरवलो तर कोणत्या दिशेला उतरल्यावर सुरक्षित खोरे लागेल’ हे नकाशावर पाहून ठेवा. २००८ साली बॉरोडेलला हीच स्पर्धा वादळी पावसामुळे पहिल्याच दिवशी थांबवावी लागली. शेकडो स्पर्धक बेपत्ता असल्याच्या बातम्या झळकल्या, पण बहुतेक जोड्यांनी जवळच्या खोऱ्यांत आसरा घेतला होता किंवा पाठीवरचा तंबू ठोकून रात्र काढली होती. सक्तीच्या सामानाच्या यादीवर कुरकुर करणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगते. शिट्टीही त्याच यादीत असते. मिनिटाला सहा फुंकी, मग एक मिनिट शांतता, हा तिथला मदतीचा संकेत तोंडपाठ असू द्या.

उंचसखल

‘कातळमाथा’ यांचा बेन नेव्हिसचा मुद्दा मान्य. माझे विधान स्पर्धेतल्या नेहमीच्या कंट्रोलपुरते होते.

सरावाच्या जागेबद्दल एक सुचवतो. मँचेस्टरहून लेक डिस्ट्रिक्टपर्यंत दर आठवड्याला जाण्याची गरज नाही, किंडर स्काउट आणि ब्लीकलो ही पीटची (कुजलेल्या वनस्पतींच्या दलदली मातीची) पठारे तुमच्या दाराशीच आहेत. उंची जेमतेम ६३० मीटरच्या आसपास, पण पीटमध्ये कोरलेल्या नागमोडी चरांमुळे सरळ रेषेत शंभर मीटर जाणेही कठीण असते, आणि ढग तर तिथे मुक्कामालाच असतात. ब्लीकलोवर १९४८ साली ढगांत कोसळलेल्या अमेरिकी सुपरफोर्ट्रेस विमानाचे अवशेष आजही विखुरलेले आहेत. धुक्यात हायर शेल्फ स्टोन्सच्या ट्रिग पॉइंटला अटॅक पॉइंट धरून ते शोधणे हा उत्तम सराव आहे, फक्त तिथल्या कशालाही हात लावू नये.

जाण्यापूर्वी एमडब्ल्यूआयएस (माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस) या सेवेचा डोंगरी हवामान अंदाज पाहत चला. माथे ढगमुक्त असण्याची शक्यता त्यात टक्क्यांत दिलेली असते. ज्या दिवशी ती दहा टक्के असेल आणि वारा बेताचा असेल, तो दिवस निवडा. एका फेरीत नकाशा तुमच्याकडे आणि परतीच्या फेरीत मित्राकडे, असे केलेत तर वाटणीचा प्रश्नही त्यातच सुटेल.