कंपनी करातील कपात आणि सरकारी कर्ज : अर्थव्यवस्थेला चालना मिळते का?

प्रश्न
२० सप्टेंबर २०१९ रोजी गोव्यात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी तो १५ टक्के ठेवला. त्यासाठी वर्षाला १.४५ लाख कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. ही तूट शेवटी कर्ज काढूनच भरायची असेल, तर अशा कपातीने गुंतवणूक खरोखर वाढते का?

प्रतिसाद १
माझ्या मते त्या वेळचे दुखणे मागणीचे होते आणि औषध मात्र नफ्यावर दिले गेले. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी मोठी कंपनी कोसळल्यानंतर बिगरबँक वित्तसंस्थांनी कर्ज देताना हात आखडता घेतला होता, वाहनांचा खप घसरला होता आणि एप्रिल-जून २०१९ या तिमाहीचा विकासदर ५ टक्के असल्याचे जाहीर झाले होते. ज्या कारखानदाराचा तयार मालच गोदामात पडून आहे, तो कर वाचला म्हणून नवी यंत्रे कशाला बसवील? कंपन्यांनी वाचलेला पैसा नव्या प्रकल्पांऐवजी कर्जफेडीसाठी आणि रोख शिल्लक वाढवण्यासाठी वापरला, असे रिझर्व्ह बँकेने २०१९-२०च्या वार्षिक अहवालात नोंदवले आहे. तेवढीच रक्कम ग्रामीण रोजगार हमीवर खर्च झाली असती, तर ती महिन्याभरात किराणा दुकानापर्यंत पोहोचली असती.

प्रतिसाद २
हा निवाडा घाईचा वाटतो. कपातीनंतर सहा महिन्यांतच टाळेबंदी आली, त्यामुळे या धोरणाची स्वच्छ परीक्षा झालीच नाही. शिवाय अधिभार आणि उपकर धरून जुना दर जवळपास ३५ टक्के होता, तर व्हिएतनाममध्ये तो २० टक्के आहे. कारखाना कोठे काढायचा, हे ठरवताना कंपन्या एका वर्षाच्या मागणीपेक्षा पुढच्या वीस वर्षांचा हिशेब करतात. ही तूट सरकारला शेवटी कर्ज काढूनच भरावी लागते, या प्रश्नातल्या मुद्द्याशी मात्र मी सहमत आहे.

प्रतिसाद ३
कर्ज कशासाठी काढले, हे पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही. रस्ते आणि रेल्वेसाठी काढलेला पैसा सिमेंट, पोलाद आणि मजुरीत थेट उतरतो, तर करकपातीचा पैसा बचतीतही अडकू शकतो. पण व्याज दोन्हींवर सारखेच चढते. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात भांडवली खर्चासाठी ११.२१ लाख कोटी रुपये आहेत आणि व्याजासाठी सुमारे १२.७६ लाख कोटी. त्याच अर्थसंकल्पाने १२ लाखांपर्यंतचे वार्षिक उत्पन्न करमुक्त केले. ही कपात निदान खर्च करणाऱ्या घरांपर्यंत जाते, म्हणून मला ती २०१९च्या कपातीपेक्षा अधिक योग्य वाटते, जरी आयकर न भरणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांना तिचा थेट लाभ नाही.