मदत हवी आहे : जूनमध्ये स्वित्झर्लंड, मुक्काम तंबूत, सोबत दोन लहान पोरं

अंबाझरी :
नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरहून चौघं जाणार : आम्ही दोघं, मुलगी ८ वर्षांची, मुलगा साडेतीन. शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून ५ ते १४ जून. तिथल्या हॉटेलचे दर पाहून डोळे पांढरे झाले, त्यामुळे तंबू. ठरवलंय असं : इंटरलाकेन २ रात्री, लाउटरब्रुनेन २, झरमाट २, लुत्सर्न ३. जवळ चार जणांचा तंबू, हवा भरायच्या दोन गाद्या आणि डब्यावर फिरवून बसवायची गॅसची छोटी शेगडी आहे. खर्च कुठे वाचेल? पोरांना थंडी किती लागेल? घरून खायला काय न्यायचं?

गोरेवाडा :
ताई, आधी ते चार गावांचं वेळापत्रक मोडा. तंबूचा मुक्काम स्वस्त पडतो तो एका जागी राहिल्यामुळे. दर दोन दिवसांनी हलायचं तर अर्धा दिवस आवराआवरीत जातो, ओला तंबू तसाच गुंडाळावा लागतो, चार बॅगा आणि पेंगुळलेलं पोरगं घेऊन गाड्या बदलायच्या. त्या दिवशी स्वयंपाक होत नाही, आणि तिथे चौघांचं एक साधं जेवण बाहेर घेतलं की कॅम्पच्या रात्रीपेक्षा जास्त पैसे जातात.

झरमाट काढाच. गाव १६०० मीटरवर, गाडीभाडं महाग. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं, आणि जूनच्या सुरुवातीला वरच्या बऱ्याच पायवाटांवर बर्फ असतो. इंटरलाकेन ५६६ मीटरवर आहे, लाउटरब्रुनेन ८०० च्या आसपास. दोन्हींमध्ये रेल्वेने वीस मिनिटं. यातलं एक धरा, सहा रात्री तिथे, तीन लुत्सर्नला.

कॅम्पचं बिल तुकड्यातुकड्यांत येतं : माणशी दर, तंबूच्या जागेचा दर, पर्यटक कर, काही ठिकाणी कचऱ्याच्या पिशवीचे आणि गरम पाण्याच्या अंघोळीचे वेगळे पैसे. संकेतस्थळावर पहिला आकडा दिसतो तो बहुतेक वेळा फक्त जागेचा. चौघांचे मिळून रात्रीला ६०-७० फ्रँक धरून चला. एक फ्रँक शंभर रुपयांच्या वर आहे, हे रोज एकदा आठवायचं. पैसे वाचतील म्हणून रानात कुठेही तंबू ठोकू नका. नियम कँटनप्रमाणे (कँटन म्हणजे तिथलं राज्य) बदलतात, संरक्षित भागात बंदी असते आणि दंड होतो.

तर्रीपोहे :
खाण्याचं मी सांगतो. भाऊजींनी संत्रा बर्फी घेतली असेल तर ती इकडेच संपवा. भारतातून दूध, मांस आणि त्यांचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. म्हणजे खवा, तूप, दूध पावडर, पेढे सगळं बाद. ताजा सांभार (कोथिंबीर), कढीपत्ता, हिरव्या मिरच्याही नको. चालतं ते भाजलेलं, दळलेलं, पॅकबंद : सातूचं पीठ, मेतकूट, भाजणी, फल्लीदाण्याची चटणी (तुपाऐवजी तेल घालून), हळद-तिखट, भाजलेला रवा. बेसन असेल तर पिठलं दहा मिनिटांत होतं.

तांदूळ आणि डाळ वाहून न्यायची गरज नाही. मिग्रोस आणि कोप या दोन्ही दुकानसाखळ्यांत तांदूळ, पास्ता, अंडी, दूध, दही मिळतं, लाल मसूर डाळही मिळते. ती सोललेली असल्यामुळे पंधरा मिनिटांत कुकरशिवाय शिजते. तिथे तूरडाळीच्या मागे लागू नका, गॅस जाईल. दुकानात सगळ्यात स्वस्त माल ओळखायचा तो ‘एम-बजेट’ (मिग्रोस) आणि ‘प्रिक्स गारंटी’ (कोप) या नावांवरून. रविवारी गावातली बहुतेक दुकानं बंद, मोठ्या स्टेशनावरची तेवढी उघडी. शनिवारी दोन दिवसांचं घेऊन ठेवा. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पितात. ‘काइन ट्रिंकवासर’ असं लिहिलं असेल ते मात्र प्यायचं नाही.

अंबाझरी :
गॅस विमानात नेता येणार नाही हे माहीत आहे. तिथे आमच्या शेगडीला बसेल असा डबा मिळतो का?

गोरेवाडा :
दोन जाती असतात. एक आटे असलेला, फिरवून बसवायचा. दुसरा युरोपात खूप दिसणारा, दाबून ‘खट्’ करून बसवायचा. तुमची शेगडी फिरवायची आहे म्हणजे पहिलाच घ्यायचा, दुसरा तिला बसणार नाही. शेगडी बॅगेत टाकण्याआधी धुवा, वास राहता कामा नये, नाहीतर विमानतळावर काढून ठेवतात.

हिशोब असा : एक लिटर पाणी उकळायला साधारण १०-१५ ग्रॅम गॅस. सकाळी चहा-दूध, संध्याकाळी खिचडी, मधे एकदा अंडी किंवा सूप धरलं तर दिवसाला ६० ते ७० ग्रॅम. नऊ दिवसांना ४५० चा एक आणि २३० चा एक पुरतो. नुसत्या ब्युटेनचा डबा घेऊ नका. ब्युटेन शून्याच्या आसपास वाफ होणंच थांबवतो, त्यामुळे गार पहाटे ज्योत मरतुकडी होते. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण बघा.

आणि दोन चुका जिवावर येतात. वारा अडवायला डब्याभोवती पत्रा गुंडाळतात, त्याने डबा तापतो. दुसरी, पावसात शेगडी तंबूत ओढून घेतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि कापडाला आग लागायला वेळ लागत नाही. पाऊस असेल त्या दिवशी सातू, ब्रेड, दही.

उन्हाळी_कूलर :
थंडीबद्दल. दिवसा २० अंश असलं तरी पहाटे ७-८ पर्यंत उतरतं. आपल्या लेकरांना कूलरची सवय, अशा थंडीची नाही. तुमच्या हवेच्या गाद्या हाच कच्चा दुवा आहे. आतली हवा फिरत राहते आणि खालचा गारवा पाठीला लागतो, मग वर कितीही पांघरा. प्रत्येक गादीखाली बंद पेशींची (क्लोज्ड-सेल) फोमची चटई घाला. गादी नवी घेणार असाल तर तिचा आर-व्हॅल्यू (गारवा अडवायच्या ताकदीचा आकडा) ३ किंवा जास्त बघा. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात : ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’. दुकानदार दुसरा दाखवतो, आपण पहिला वाचायचा. तो ५ अंश किंवा त्याखाली असावा. मुलाला मोठी बॅग दिली तर पायाकडची रिकामी जागा दोरीने बांधून टाका, नाहीतर त्याच्या अंगाची सगळी ऊब ती पोकळी तापवण्यातच जाते.

स्वेटर, कानटोप्या आत्ताच शोधा. तिबेटी स्वेटरवाले नागपुरात हिवाळ्यातच बसतात.

सकाळी आतून कापड ओलं दिसलं की तंबू गळला असं वाटतं. चार माणसांच्या श्वासाची वाफ असते ती. वरच्या झडपा थोड्या उघड्या ठेवा, बॅगा कापडाला टेकू देऊ नका. रात्री नऊ-सव्वानऊपर्यंत सूर्य मावळत नाही, पोरं झोपायला ऐकणार नाहीत. गडद ओढणी आतल्या बाजूला टांगा. आणि बहुतेक कॅम्पांत रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते, त्यात आपल्या घरातल्या आवाजाची पट्टी बसत नाही.

अंबाझरी :
गाडीभाड्याचं राहिलं. भाड्याची कार घ्यावी का?

तर्रीपोहे :
काऊन बे कार? मुलगा ६ च्या आत आहे, तो फुकट. मुलीसाठी तिकीट किंवा पास काढताना ‘स्विस फॅमिली कार्ड’ मागा, फुकट मिळतं. तुमच्यासोबत असेल तर १६ व्या वाढदिवसापर्यंत तीही फुकट. ते आपोआप येत नाही, मागावं लागतं. कारला मात्र १२ वर्षांपर्यंत, किंवा मूल १५० सेंटीमीटर होईपर्यंत, वेगळी सीट आणि वर पार्किंगचे पैसे. तुम्ही दोघांनी हाफ फेअर कार्ड (तिकीट अर्ध्या भावात मिळतं ते) घ्या, एका जागी राहणार म्हणजे पूर्ण पास वसूल होणार नाही.

युंगफ्राउयोख, म्हणजे रेल्वेने वर जायचं ते बर्फाचं ठिकाण, ३४५४ मीटरवर आहे. खर्चात सगळ्यात मोठा खड्डा तोच, आणि साडेतीन वर्षांच्याला तिथे बर्फ सोडून काही कळणार नाही. त्याऐवजी लाउटरब्रुनेनच्या दरीत स्टाउबबाखपर्यंत चालत जा, २९७ मीटरचा धबधबा, पैसे नाहीत. डोंगराच्या पोटातल्या ट्रुमेलबाख धबधब्यांना मात्र ४ वर्षांखालच्यांना सोडत नाहीत, तिथे पोचून रडारड नको. चूल आणि बाक मांडलेल्या जागा वाटेवर असतात, तिथे भुट्टे भाजा.

गोरेवाडा :
व्हिसासाठी एक. शुल्क मोठ्यांना ९० युरो, मुलीचे ४५, मुलाचं काही नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा. मुक्कामाचा पुरावा सगळ्या रात्रींचा लागतो, आणि काही कॅम्प छोट्या तंबूला आगाऊ जागा देतच नाहीत, या तेव्हा बघू म्हणतात. ज्यांच्याकडून चौघांची नावं आणि तारखा लिहून मिळतील असाच कॅम्प निवडा. विमानाची तिकिटं नागपूरपासून एकाच पीएनआरवर घ्या. मुंबईपर्यंतचं वेगळं काढलं तर देशांतर्गत १५ किलोची मर्यादा लागते, आणि तंबूच ५-६ किलोंचा असतो.

अंबाझरी :
तंबू पाऊस सोसेल का, हे इथे कसं बघू? गच्चीवर लावून पाहिला, पण ऊन सोडून काहीच नाही.

उन्हाळी_कूलर :
तिथेच लावा, ताण दोऱ्या पूर्ण ओढा आणि टाकीच्या पाइपने वरून पंधरा मिनिटं पाणी सोडा. आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवा, ठिपका कुठे पडला ते कळतं. बहुतेक वेळा शिवणीतून येतं, कापडातून नाही. शिवणीवर लावायचं सीलर मिळतं, ते आतून लावून एक दिवस वाळू द्या. खुंट्या पातळ तारेच्या असतील तर बदला. तिथली जमीन खडीची, वाकतात. वाय आकाराच्या ॲल्युमिनियमच्या १५-१६ घ्या, आणि गच्चीवर लावताना त्यांच्याजागी विटा.