मोहर काळा पडतोय? आधी फांदी हलवून बघा

दादा, आंब्याचा मोहर काळा पडून गळतोय, कुठलं औषध मारू, असं विचारलंत. औषधाआधी एक करा. सकाळी मोहराखाली तळहात धरून फांदी हलवा. पाचरीसारखे बारके किडे टुणकन उडाले, पानं हाताला चिकट लागली, तर ते तुडतुडे. त्यांच्या चिकट्यावरच काळी बुरशी चढते. मोहरावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर मात्र भुरी, म्हणजे पांढऱ्या बुरशीचा रोग. तिला पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम.

खानापूरकडं ढगाळ हवा आणि धुकं धरलं की दोन्ही एकदम येतात. आमच्या जुन्या झाडात आत ऊनच पोचत नव्हतं, तुडतुडे तिथंच बसायचे. काढणीनंतर मधल्या दाट फांद्या काढल्या, तेव्हा फरक पडला.

एक कळकळीची विनंती, पूर्ण फुलोऱ्यात कीटकनाशक मारू नका. परागकण नेणाऱ्या माश्या-कीटकांवरच बरीचशी फळधारणा आहे.

पुढं कैऱ्या पोसल्या की फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉल या वासाच्या आमिषाचे सापळे एकरी ४ तरी टांगा. त्यात फक्त नर अडकतात, माद्या फळात अंडी घालतच राहतात, म्हणून गळलेली किडकी फळं रोज वेचून खोल पुरा. अळी मातीतच कोष करते.