'बूटलोडर अनलॉक करा, फोन नवा होतो': हे अर्धवट सांगणं बंद करा

सातपूरकर
काल गोदाकाठ यांनी लिहिलं: "जुना फोन भंगारात देऊ नका. बूटलोडर अनलॉक करा, कस्टम रॉम टाका, फोन नवा होतो. एका दुपारचं काम. रिस्क म्हणजे दुकानदारांनी पसरवलेली भीती."

हे वाचून राहवलं नाही. बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना कोणतं सॉफ्टवेअर चालू द्यायचं ते ठरवणारा प्रोग्राम, आणि कस्टम रॉम म्हणजे फोनच्या कंपनीऐवजी इतरांनी बनवलेलं अँड्रॉइड. बूटलोडर अनलॉक केला की फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, हे त्यात कुठे आहे? चोराच्या हाती तुमचे फोटो लागू नयेत म्हणून ती सोय मुद्दामच तशी केलेली आहे. पोरांचे फोटो बॅकअप न घेता गेले तर जबाबदार कोण? सॅमसंगवर अनधिकृत सॉफ्टवेअर टाकलं की नॉक्स या त्यांच्या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज उडतो, तो कायमचाच. नंतर मूळ सॉफ्टवेअर टाकलं तरी सिक्युअर फोल्डर (खासगी फाइलींचा कुलूपबंद कप्पा) परत मिळत नाही.

माझ्या मावसभावाच्या फोनवर एका ओळखीच्याने भलत्याच मॉडेलची फाइल टाकली. ईएफएस, म्हणजे फोनची ओळख आणि नेटवर्कची माहिती ठेवणारा भाग, गेला. *#06# दाबलं तर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) गायब, नेटवर्क बंद. वर तो म्हणतो, "दुसरा आयएमईआय लिहून देतो." अहो, तो गुन्हा आहे! 2023 च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

गोदाकाठ
भलत्या मॉडेलची फाइल टाकणाऱ्याचा राग माझ्यावर का? आधी ईएफएसचा बॅकअप घ्यायचा, हे या विषयातल्या कोणालाही माहीत असतं. माझा फोन 2018 चा. कंपनीचा शेवटचा सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणारा अपडेट, 2020 चा. आज त्यावर लिनिएज ओएस हा कस्टम रॉम आहे आणि दर महिन्याला पॅच येतो. आता सांगा, असुरक्षित फोन कोणता?

दिंडोरीचा बागायतदार
आमच्याकडे काय झालं ते ऐका. भाच्याने वडिलांच्या फोनवर हौसेने रॉम टाकला. फोन पळायला लागला, वडील खूश. पिंपळगावला टोमॅटो उतरवून टेम्पोवाल्याला भाडं द्यायला गेले, तर बँकेचं ॲप म्हणे 'डिव्हाइस सुरक्षित नाही'. सत्तरीचा माणूस, बाजार समितीत चार लोकांसमोर उसने पैसे मागत उभा. त्या दिवसापासून ते फोनला हात लावायला घाबरतात.

गोदाकाठ
दादा, वडिलांना झालेला त्रास खराच. पण तो दिला बँकेने! 2020 नंतर एकही पॅच न मिळालेला फोन मूळ सॉफ्टवेअरवर असला की ॲप बिनतक्रार चालतं. त्याच फोनवर या महिन्याचा पॅच असला तर नाही. ॲप ज्यावरून फोन तपासतात ती गुगलची प्ले इंटिग्रिटी जुन्या फोनला विचारते ते एवढंच, की सॉफ्टवेअर प्रमाणित आहे का. पॅच किती शिळा आहे याची अट फक्त अँड्रॉइड 13 आणि त्यापुढे, तीही सर्वांत कडक तपासणीत. याला सुरक्षा म्हणायचं?

पंचवटी 7
बँकेचं बरोबरच आहे. रूट केलेल्या, म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा खुला केलेल्या फोनवर ती परवानगी मिळालेलं कुठलंही ॲप दुसऱ्याच्या डेटात घुसू शकतं. पैसे गेले की बोंब मारायला तुम्हीच पुढे.

गोदाकाठ
रूट आणि रॉम यांतला फरक कळत नसेल तर मधे पडू नका. लिनिएजमध्ये रूट नसतंच!

पंचवटी 7
बँकेला तुमचा शब्द प्रमाण मानायला लावा मग. बूटलोडर उघडा म्हणजे आत काय बदललंय याची खात्री कोणी द्यायची? तुम्ही? आणि भाषा सांभाळा.

दिंडोरीचा बागायतदार
तुमचं भांडण चालू द्या. माझ्या वडिलांना टेम्पोचं भाडं देता यायला हवं, मला दुसरं काही नको.

सिडको रिपेअर
मी रोज हेच काम करतो म्हणून लिहितो. गोदाकाठ, पॅचचा तुमचा मुद्दा अर्धाच खरा. मॉडेम (नेटवर्क सांभाळणारा भाग) आणि चिपसेटचं फर्मवेअर, म्हणजे त्यांचं आतलं सॉफ्टवेअर, बंदिस्त असतं. कंपनीने हात काढला की ते जुनंच राहतं, लिनिएजची तारीख कितीही ताजी असो. माझ्याकडे बंद पडून येतात ते बहुतेक दोन प्रकारचे. एक, कस्टम रॉम असताना बूटलोडर परत लॉक केलेले. दुसरे, अँटी-रोलबॅक (जुन्या आवृत्तीकडे परत जाऊ न देणारी सोय) न बघता जुनी आवृत्ती टाकलेले. रेडमी नोट 5 प्रोवर 2018 मध्ये कितीतरी जणांनी हेच केलं. आणि जुना फोन मंद वाटतो तेव्हा पुष्कळदा दोष बॅटरीचा असतो. आधी ती बदलून बघा.

सातपूरकर
नेमकं हेच म्हणायचं होतं. घरात दुसरा फोन पडून असेल, त्यावर गाणी नाहीतर बागेतला कॅमेरा चालवायचा असेल, तर खुशाल करा. तिथे माझा विरोध नाही. पण ज्या फोनवर सिम, बँक आणि घरच्यांचे फोटो आहेत, तो 'एका दुपारचं काम' म्हणून कोणाला उघडायला लावू नका.

गोदाकाठ
ठीक. डेटा पुसला जातो, बँकेचं ॲप बंद पडू शकतं आणि परत लॉक करू नका, या तीन गोष्टी मूळ लेखात सगळ्यात वर टाकतो. बॅटरीचंही मान्य. बँकेबद्दल मात्र एक शब्दही मागे घेणार नाही.

पंचवटी 7
नका घेऊ. मीही घेत नाही.

दिंडोरीचा बागायतदार
सिडकोवाले भाऊ, वडिलांच्या फोनवर मूळ सॉफ्टवेअर परत बसेल का? बूटलोडर अजून उघडाच आहे. रविवारी नाशिकला येतोय.

सिडको रिपेअर
बसेल. पण आधी फोनमधले फोटो दुसरीकडे कॉपी करून ठेवा, आणि तोवर भाच्याला लॉक करू देऊ नका. येताना मॉडेल नंबर बघून आणा.