५५० वॉट ब्राँझ की ७५० वॉट गोल्ड? एसएमपीएसचा गोंधळ

विश्रामबाग_पीसी
सांगलीत नवीन पीसी जोडतोय. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, एक एसएसडी, तीन पंखे. एक दुकानदार ७५० वॉट गोल्डच घ्या म्हणतो, दुसरा ४५० वॉटचा साधा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा सप्लाय) हजार रुपयांत देतोय. ८० प्लस (ब्राँझ, गोल्ड हे त्याचेच दर्जे) म्हणजे ५५० वॉटचा सप्लाय ४४०च वॉट देतो का? ७५० घेतला तर बिल वाढेल का? आणि घरातला ६०० व्हीएचा यूपीएस पुरेल का?

कृष्णाकाठ
नाही, ५५०चा सप्लाय पीसीला ५५०च देतो. छापलेले वॉट आउटपुटचे असतात, एफिशियन्सीचा, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी किती टक्के पीसीला पोचते याचा, फरक सॉकेटच्या बाजूला पडतो. तुमचा हिशोब असा: प्रोसेसरवर ६५ वॉट छापलंय, पण तो ८८पर्यंत जातो. कार्ड ११५. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरा. झाले साधारण २५०. सप्लाय ८५ टक्क्यांचा (साधारण ब्राँझ) असेल तर मीटरमधून २९४ वॉट ओढले जातील आणि वरचे ४४ उष्णता होऊन मागून बाहेर पडतील. ९० टक्क्यांचा (साधारण गोल्ड) असेल तर २७८.

म्हणजे फरक १६ वॉटचा. रोज आठ तास फुल लोडवर गेम चालवला तरी महिन्याला चार युनिट. युनिट १० रुपये धरलं तर ४० रुपये. गोल्डसाठी अडीच हजार जास्त मोजले, तर ते वसूल व्हायला पाच वर्षं लागतील.

७५० वॉटचा सप्लाय ७५० ओढत नाही, पीसी मागेल तेवढंच देतो. मात्र ८० प्लसची चाचणी २०, ५० आणि १०० टक्के लोडवर होते, १० टक्क्यांवरची फक्त गोल्डच्याही वरच्या टायटॅनियम दर्जाला. पीसी नुसता चालू असताना ५० वॉट घेतो, तिथे मोठ्या सप्लायची एफिशियन्सी थोडी घसरते. दोन-चार वॉटचा प्रश्न आहे, त्यावरून निर्णय फिरवू नका. चांगल्या कंपनीचा ५५० ब्राँझ तुम्हाला पुरून उरेल.

अजिंक्यतारा
वरच्या हिशोबाशी सहमत, पण मोठ्या अक्षरातले वॉट बघूच नका. लेबलवर +१२ व्होल्टच्या खाली किती अँपियर लिहिलेत ते वाचा आणि १२ने गुणा. खऱ्या ५५०च्या सप्लायवर ४५च्या आसपास दिसतील, म्हणजे ५४० वॉट. स्वस्तातल्या '४५०'वर बऱ्याचदा १६ अँपियर असतात, म्हणजे १९२ वॉट. तुमचं प्रोसेसर आणि कार्ड मिळूनच २०३ होतात आणि दोघंही १२ व्होल्टवरच चालतात! १२व्ही१ आणि १२व्ही२ असे दोन रकाने असतील तर त्यांची बेरीज करू नका, खाली एकत्रित कमाल वॉट दिलेले असतात ते धरा.

कमी पडला की काय होतं? गेम सुरू झाल्यावर १२चा व्होल्टेज ११.४च्या खाली जातो आणि पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. लोक विंडोज पुन्हा टाकत बसतात. संरक्षण सर्किट नसलेला सप्लाय जळताना बोर्डही घेऊन जातो. शिवाय ग्राफिक्स कार्ड क्षणभर नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज मागत उसळी मारतं. पीसीच्या सप्लायसाठीचं २०२२चं एटीएक्स ३.० मानक त्यासाठीच ही उसळी पेलण्याची अट घालतं. ब्राँझ-गोल्ड हा शिक्का फक्त एफिशियन्सीचा आहे, संरक्षणाची हमी त्यात नसते.

तासगाव_वायरमन
यूपीएसचं: ६०० व्हीए म्हणजे बहुतेक ३६० वॉट. सॉकेटवर २९४ आणि मॉनिटरचे ३० मिळून ३२४ होतात. बॅटरी जुनी झाली की लाईट जाताच तो बंद पडणार. १००० व्हीए, ६०० वॉटचा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, म्हणजे तो झटकन बॅटरीवर येतो. लाईट गेल्यावर सप्लाय १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो.

मळ्यातल्या वस्तीवर पंप सुरू झाले की व्होल्टेज १७०पर्यंत उतरतो, तिथे इनपुट १००-२४० लिहिलेलाच सप्लाय हवा. काही स्वस्तातल्यांवर २००-२४० असतं. व्होल्टेज उतरला की तोच सप्लाय १.३ऐवजी १.७ अँपियर ओढतो, म्हणून सैल एक्स्टेन्शन बोर्ड गरम होतो.

आणि अर्थिंग तपासा. केबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुतेकदा दोष सप्लायचा नसतो. त्याच्या फिल्टरमधले कपॅसिटर केबिनेटला जोडलेले असतात, अर्थ नसेल तर तिथे निम्मा व्होल्टेज येतो. मल्टीमीटरने फेज-अर्थ मोजा, फेज-न्यूट्रलइतकाच आला पाहिजे. वळवाच्या विजा सुरू व्हायच्या आत हे काम उरका.

विश्रामबाग_पीसी
सगळं स्पष्ट झालं, आभारी आहे. ५५० ब्राँझ आणि १००० व्हीए यूपीएस घेतो. जुन्या मॉड्युलर (सुट्या निघणाऱ्या केबलींच्या) सप्लायच्या केबली पडून आहेत, त्या वापरू का?

अजिंक्यतारा
अजिबात नको. कार्डाकडचं टोक सारखं असतं, पण सप्लायकडच्या टोकाची पिन-रचना कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलते. १२ व्होल्ट ५च्या जागी गेले की एसएसडी जागीच जाते. नव्या खोक्यातल्याच केबली लावा.