ऑडिशन सांभाळून पोटापाण्याचं काम कोणतं धरावं?

डोंबिवली_स्लो
बी.कॉम. झालंय, मराठी टायपिंगची ३० ची परीक्षा पास आहे, प्रायोगिक नाटकं चालू आहेत. आता मालिका-जाहिरातींच्या ऑडिशन द्यायच्यात. निरोप सकाळी दहा-साडेदहाला पडतो: "आज १२ ते ६, आरामनगर, लूक कॅज्युअल." (आरामनगर म्हणजे अंधेरी-वर्सोव्यातली ऑडिशनची वस्ती.) दहा ते सातची नोकरी धरली तर दर दोन दिवसांआड दांडी. महिन्याला १८ हजार तरी हातात पडायला हवेत. डिलिव्हरी, कॉल सेंटर, शिकवण्या, यातलं काय जमतं? आणि उद्या मालिका मिळाली तर सोडताना भांडण नको.

तिसरी_घंटा
कमी तासांची नोकरी शोधू नका, तास सरकवता येतील अशी शोधा. दुकानातली चारच तासांची नोकरी, पण १ ते ५ असेल, तर ती नऊ तासांच्या नोकरीइतकीच नडते.

आरामनगर साधारण अकरा-बाराला जागं होतं आणि सहा-सातला मिटतं. म्हणजे तुमच्याकडे विकायला अकराच्या आतले आणि सातनंतरचे तास. तालमी बहुतेक संध्याकाळीच, ते वजा करा. खात्रीची उरली ती सकाळ. त्यात डोंबिवली ते घाटकोपर लोकल, मेट्रोने वर्सोवा, पुढे रिक्षा: एका बाजूला दीड-पावणेदोन तास धरा. वर नंबर लागेपर्यंतची रांग. त्यामुळे सकाळचं काम घरबसल्या होणारं हवं, नाहीतर अंधेरी-घाटकोपर पट्ट्यातलं.

डिलिव्हरीत लॉगिन आपल्या हातात असतं हे खरं, पण पैसा जेवणाच्या वेळांना असतो आणि दुपारचं जेवण नेमकं ऑडिशनच्या वेळेत येतं. शिवाय दोन महिने उन्हात गाडी चालवली की हेल्मेटच्या पट्ट्याची खूण गालावर उमटते, हात मनगटापर्यंत वेगळ्या रंगाचे होतात. क्लोजअपला मेकअपदादा वैतागतात. कॉल सेंटरची रात्रपाळी कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात पहाटे घरी, झोप बारापर्यंत, आवाज बसलेला. त्यात नोटीस पीरियड महिना-दोन महिन्यांचा, आणि मालिकावाले म्हणणार "परवापासून या".

एक प्रश्न मुलाखतीतच विचारा: "मी एखाद्या दिवशी नाही आलो तर बदली कोण?" बदली माणूस ठरलेला असेल, तर सोडतानाही कटकट होत नाही.

शाई_पेन
टायपिंग येतंय ना, मग सबटायटल आणि ट्रान्सक्रिप्शन (ऐकलेलं टाइप करून देणं) बघा. युनिकोड इनस्क्रिप्टवर (संगणकावरचा प्रमाणित मराठी कीबोर्ड) हात बसलेला असला पाहिजे, जुन्या फॉन्टमधली फाइल कुणी घेत नाही. सबटायटलला ओळीत साधारण ४२ अक्षरं आणि एका वेळी दोनच ओळी. नवशिक्यांचं चुकतं ते इथेच: बोललेलं सगळं कोंबतात, मग वाचून होण्याआधी ओळ निघून जाते. पैसे व्हिडिओच्या मिनिटाला मिळतात, तुमच्या तासाला नाही. सुरुवातीला दहा मिनिटांच्या व्हिडिओला अडीच-तीन तास सहज जातात, तेव्हा दर ऐकून लगेच हुरळून जाऊ नका.

शिकवण्यांत मराठीच घ्या. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे इंग्रजी माध्यमातल्या मुलांना शिकवणी लागतेच. ऑनलाइन, पाच मुलांची एक बॅच, तालमी नसतील ते तीन दिवस. मुलामागे दीड हजार धरले तरी बॅचचे साडेसात होतात. दोन बॅच आणि थोडं सबटायटल, की तुमचा आकडा गाठला. पालकांना पहिल्याच दिवशी सांगा की तास बुडाला तर रविवारी भरून देईन. एप्रिल-मेमध्ये शिकवण्या आटतात, तेव्हा बालनाट्य शिबिरं असतात. त्यांची माणसं आधीच ठरतात, फेब्रुवारी-मार्चमध्येच विचारून ठेवा.

रूम_टोन
डबिंग राहिलं. दोन-तीन तासांचा स्लॉट असतो, स्टुडिओही बरेचसे अंधेरीतच, म्हणजे ऑडिशनच्या वाटेवर. पाठवायचा नमुना दीड मिनिटाच्या आत: थोडं निवेदन, एक संवाद, एक जाहिरात. मागे संगीत नको, तेच ऐकायला त्रास होतो. आणि च-ज-झ तपासा. "चहा"तला च आणि "चमचा"तला च एकसारखे काढलेत, की ऐकणारा तिथेच फाइल बंद करतो. मात्र पहिल्या वर्षी याच्यावर भाडं अवलंबून ठेवू नका. काम तुकड्यातुकड्यांनी येतं.

हिशेबवही
सगळे काम कसं मिळेल ते सांगताहेत, पैसे कधी येतात ते कुणी सांगत नाही. मालिकेचं मानधन सहसा ९० दिवसांनी येतं. जूनमध्ये शूटिंग सुरू झालं तर पहिली रक्कम सप्टेंबर-ऑक्टोबरला. म्हणजे ज्या महिन्यात जोडकाम सुटतं त्याच महिन्यापासून हात रिकामा, आणि घोडबंदर किंवा मढच्या सेटवर जायचा खर्च मात्र रोजचा. चार महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय शिकवणीची बॅच पूर्ण सोडू नका. शिफ्ट १२ तासांची असते, म्हणून रात्रीचं एखादंच काम ठेवा, तेही घरचं.

मानधनातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापून येतो. तो आयकर खात्याच्या साइटवर तुमच्या नावावर जमा दिसतोय का बघा आणि रिटर्न भरा. उत्पन्न करपात्र नसेल तर परत मिळतो. कितीजण हे पैसे तसेच सोडून देतात!

डोंबिवली_स्लो
खूप आभार. सकाळी सबटायटल, सोम-बुध-शुक्र रात्री शिकवणी असं बसवून बघतो. एक शंका: "लॉक आहेस, तारखा ठेव" (म्हणजे निवड झाली) असा फोन आला तर शिकवणीवाल्यांना लगेच कळवायचं का?

तिसरी_घंटा
नाही. लॉकनंतरही लूक टेस्ट, मॉक शूट (चाचणीचं शूटिंग), चॅनलचा होकार असतो आणि यातल्या कुठल्याही पायरीवर नाव गळतं. रोजचा दर, महिन्याचे किमान दिवस, शिफ्टचे तास आणि पैसे किती दिवसांनी, हे चारही मेलवर लेखी आलं की मगच कळवा. आणि त्याआधी रजिस्ट्रेशन, कार्ड, वर्कशॉप असल्या नावाखाली कुणी पैसे मागितले, तर फोन ठेवून द्या.

शाई_पेन
शिकवणीला बदली आत्ताच शोधून ठेवा. तुमच्या ग्रुपमधलंच कुणीतरी. महिन्यातून एक तास त्यांना घेऊ द्या, मुलांना चेहरा ओळखीचा होतो.